बालीमध्ये पहिल्यांदाच स्कुबा डायव्हिंग : कुठे करावे आणि काय पाहून ठरवावे?

सागरगोटी

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही दोघे नवरा-बायको बालीला जात आहोत आणि तिथे एकदा तरी स्कुबा डायव्हिंग करून पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मुक्काम उबूदला आहे. हाताशी एकच मोकळा दिवस आहे. सकाळी डायव्ह करायचा, परतताना किंतामणीला थांबून बातूर ज्वालामुखी पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने निघायचे, असा बेत आहे. खर्चाचे आधीच स्पष्ट सांगते : दोघांचा एकेक डायव्ह, भाड्याच्या सामानासह, एवढेच परवडणार आहे. कोर्स, स्वतःचे सामान किंवा वाढीव मुक्काम यांतले काहीही जमणार नाही. मला तीन नंबरचा चष्मा आहे. पोहता येते, पण दम लवकर लागतो. विमान उतरताना कानांना हमखास दडे बसतात. तुलांबेन, पादांगबाई आणि नुसा पेनिदा ही तीन नावे सगळीकडे दिसतात. यांपैकी कुठे जावे आणि सेंटर निवडताना काय विचारावे?

निळेपाणी

माझे मत विचाराल तर एका डायव्हने काहीच साधत नाही. पहिल्या वेळी अर्धे लक्ष श्वासाकडे आणि अर्धे कानांकडे असते, त्यामुळे मासे पाहायचे राहूनच जातात. मुक्काम वाढवा आणि सरळ ओपन वॉटर हा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करा. नवशिक्यांच्या डायव्हला पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे 12 मीटरची मर्यादा असते, कोर्सनंतर 18 मीटरपर्यंत जाता येते आणि ते प्रमाणपत्र जगभर चालते. मी कोर्सच केला आणि तेव्हापासून सुट्टी कुठे घालवायची हा प्रश्नच आमच्या घरात उरलेला नाही.

प्रवाळवेडी

तुलांबेन, दुसरे नावच घेऊ नका. तिथे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर लिबर्टी नावाचे बुडालेले जहाज आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी पाणबुडीने ते तिथे बुडवले. आता त्यावर इतके प्रवाळ उगवले आहे की लोखंड शोधावे लागते. नावेत बसावे लागत नाही, त्यामुळे बोट लागण्याचा प्रश्न येत नाही. गावातल्या बायका भरलेले सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून सहज चालत जातात, ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

भरती_ओहोटी

जहाजाबद्दल एक दुरुस्ती करतो. लिबर्टी तुलांबेनला बुडाले नव्हते. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत त्याला टॉर्पेडो लागला, ओढून नेताना ते फार पाणी घेऊ लागले म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्याला लावले गेले आणि पुढे वीसेक वर्षे किनाऱ्यावरच पडून होते. 1963 मध्ये माउंट आगुंगचा उद्रेक झाला, तेव्हा ते घसरून पाण्यात गेले. त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरवरच सुरू होतो, म्हणून नवशिक्यांनाही ते पाहता येते, हे मात्र खरे आहे.

परंतु ज्या गोट्यांचे कौतुक वर झाले आहे, त्यांच्याकडे नवशिक्याने वेगळ्या नजरेने पाहायला हवे. ते गोल आणि निसरडे असतात, पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिशाची वजने असतात आणि लाट नेमकी किनाऱ्यावर फुटते. उबूदहून तिथे जायला दोन तास तरी धरावे लागतात. पादांगबाईची ब्लू लगून ही आडोशाची लहान खाडी आहे, तळ वाळूचा आहे आणि उबूदहून ती बरीच जवळ पडते. पहिल्या डायव्हसाठी मी तीच सुचवेन.

मांटाचा_मागोवा

इतक्या लांब जाऊन खाडीत कशाला उतरायचे? माझा पहिला डायव्ह नुसा पेनिदाच्या मांटा पॉइंटला झाला आणि दोन पुरुष उंचीचे पंख पसरलेला मांटा रे हा चपटा मासा माझ्या डोक्यावरून गेला. तो क्षण मला कोणत्याही खाडीत मिळाला नसता. जायचे तर पेनिदालाच जा.

भरती_ओहोटी

आपल्याला मांटा दिसला याचा आनंद आहे, परंतु हा सल्ला नवख्या आणि लवकर दम लागणाऱ्या माणसाला देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. पेनिदाच्या आसपास प्रवाह जोरदार असतात आणि दिशाही बदलतात, खोल समुद्रातले गार पाणी अचानक वर येते आणि मांटा पॉइंटला उसळी लाटा असतात. तिथे प्रशिक्षकाचे निम्मे लक्ष समुद्रावर असते. नवशिक्याला त्याचे संपूर्ण लक्ष हवे.

काचबिंदू

चष्म्याचे मी सांगतो. स्वतःचा नंबरचा मास्क घ्याच. भाड्याच्या मास्कमध्ये पाणी झिरपते आणि सगळी मजा तिथेच संपते. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा समजावा. यजमानांना मिशा असतील तर नाकाखालची पट्टी थोडी बारीक करायला सांगा, कारण रबराची कड केसांवर बसत नाही आणि तिथूनच थेंब-थेंब पाणी येऊन नाकाशी साचते. नवा मास्क आतून घासून धुतल्याशिवाय वापरू नका, नाहीतर तो धुकटतो.

सागरगोटी

मास्कची माहिती उपयोगी आहे, आभार. मात्र सामान विकत घेणे जमणार नाही, हे वर लिहिले आहे. भाड्याने नंबरचा मास्क मिळतो का?

लाटेवरची_नाव

पुष्कळ सेंटरांकडे ठरावीक नंबरांचे मास्क असतात. आधी नंबर कळवून राखून ठेवायला सांगावे. नसेल तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरले तर डोळे मिटून घ्यावेत. शिवाय पाण्याखाली वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे तीन नंबर असताना अगदी काहीच दिसत नाही असे होत नाही.

तिसरी_घंटा

मीही तुलांबेनच सांगेन, वर आलेच आहे. मुख्य म्हणजे घाबरू नका. पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्यामुळे दम लागण्याचा प्रश्नच येत नाही, उलट तरतरी वाटते.

निळेपाणी

ऑक्सिजन नव्हे, हवा. आपण आत्ता घेत आहोत तीच हवा गाळून, कोरडी करून साधारण 200 बार दाबाने भरलेली असते आणि तिच्यात ऑक्सिजन 21 टक्केच असतो. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेल्यास तो विषारी ठरून झटके येऊ शकतात. हे कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.

शांतकिनारा

कानांच्या प्रश्नाकडे कुणीच पाहिलेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या डायव्हच्या वेळी आमच्या गटात एका प्रशिक्षकामागे बरीच माणसे होती. कान दुखत असल्याची खूण मी केली, तरी त्याने मला हात धरून खालीच नेले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होते आणि नंतर कित्येक आठवडे त्या कानाने मला नीट ऐकू येत नव्हते. सेंटरचे म्हणणे असे की, असे होतच असते. असे होत नसते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : माझ्याबरोबरच्या प्रशिक्षकाकडे आणखी किती जण असतील? पाडीच्या नियमानुसार अशा डायव्हला समुद्रात जास्तीत जास्त चार असतात. मी दोनच्या वर मान्य करणार नाही.

निशिगंध_कानघसा

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. विमान उतरताना दडे बसणाऱ्या माणसाला डायव्ह करता येतच नाही असे नाही, पण तिने घाई करून चालत नाही. पाण्याखाली पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणजे कानांवर सर्वांत जास्त ताण वरच्या थरातच येतो. नाक चिमटीत धरून हळुवार फुंकणे किंवा नाक दाबून आवंढा गिळणे, यांपैकी जे जमते ते आत्तापासून रोज करून पाहा. कानात हलका टिक् असा आवाज आला पाहिजे. पाण्यात डोके बुडताच पहिल्यांदा करा आणि मग दर हातभर उतरताना करत राहा. दुखू लागल्यावर करायचे नाही, दुखण्याआधी करायचे. जमले नाही तर मीटरभर वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर डायव्ह रद्द करा. औषधाने नाक मोकळे करून उतरलात आणि खाली असताना औषधाचा असर संपला, तर वर येताना हवा आत अडकते आणि वर येणे टाळता येत नाही.

दुसरे असे की, सेंटरवर आरोग्याचा एक फॉर्म देतात. त्याच्या पहिल्या पानावर 10 प्रश्न असतात. तो तुम्ही दोघांनीही घरी वाचा आणि खरी उत्तरे द्या. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांची सही लागते.

सागरगोटी

डॉक्टर, खरे सांगायचे तर यजमानांना ऋतू बदलताना धाप लागते आणि तेवढ्यापुरता ते इनहेलर घेतात. एरवी ते टेकड्या चढतात, त्यामुळे हा दमा धरायचा की नाही, असा आम्हाला प्रश्न होता. एका परिचितांनी सांगितले की सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका, नाहीतर सेंटरवाले परत पाठवतात.

निशिगंध_कानघसा

कृपया तसे लिहू नका. डायव्हिंगमधला सर्वांत पहिला नियम श्वास रोखू नये हा आहे, कारण दहा मीटरवर भरलेली छाती पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो आणि ती हवा निघून जाते. दम्यात बारीक श्वासनलिका आकसतात, हवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कोंडते आणि वर येताना तिथेच फुगते. फुप्फुस फाटून हवेचा बुडबुडा रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकतो. यासाठी खोल जावे लागत नाही, तरणतलावाची खोलीही पुरते. त्यातच सिलिंडरची कोरडी हवा आणि नाकातोंडात जाणारे खारे पाणी धाप सुरू करायला पुरेसे असते. दमा असलेल्या प्रत्येकालाच मनाई असते असे नाही, पण फुप्फुसांची तपासणी करून, डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांनी परवानगी दिली तरच उतरावे. टेकडी चढता येणे ही त्याची परीक्षा नव्हे.

मांटाचा_मागोवा

माझ्या ओळखीत इनहेलर घेणारे डायव्ह करतात आणि त्यांना कधी काही झालेले नाही. इतके घाबरवू नये असे वाटते.

गिरीपथ

ओळखीतल्यांना काही झाले नाही, हा दाखला होऊ शकत नाही. आता एका गोष्टीकडे कुणाचेच लक्ष गेलेले नाही. डायव्हनंतर लगेच विमान नको, हे सर्वांना माहीत असते. साधारणपणे एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डायव्ह केल्यास किमान 18 तास थांबण्याची शिफारस आहे. तुमचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी आहे, म्हणजे तिथे अडचण नाही. अडचण किंतामणीची आहे. ते ठिकाण सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे आणि डायव्हमध्ये दाबाखाली रक्तात विरघळलेला हवेतला नायट्रोजन विमान आणि डोंगर यांत फरक करत नाही. बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. 600 मीटरच्या वर जायचे असले तर हेच तास मोजतात. सकाळी डायव्ह आणि त्याच दुपारी किंतामणी हा बेत मोडायलाच हवा. तुलांबेनहून उबूदला परतताना काही ड्रायव्हर किंतामणीचा रस्ता धरतात, तेव्हा तिथून येणार असाल तर किनाऱ्याच्या रस्त्यानेच परत न्यायला सांगा.

तिसरी_घंटा

बरोबर आहे, विमानाचे मीही सांगणारच होतो. डायव्हनंतर विमान नकोच.

काचबिंदू

प्रवासाच्या विम्यात स्कुबा धरलेले आहे का, तेही वाचून घ्या, पुष्कळ वेळा नसते. आणि मास्कचा पुन्हा विचार करा.

लाटेवरची_नाव

खुणांबद्दल दोन शब्द लिहिते, कारण गडबड तिथेच होते. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचे गोल करायचे. माझ्या शेजारच्या मुलीला मासे फार आवडले म्हणून तिने आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक तिला लगेच वर घेऊन गेला. पंजा आडवा धरून हलवणे म्हणजे काहीतरी बिनसले आहे, आणि त्यानंतर कानाकडे बोट दाखवले की कान. तसेच प्रवाळाला हात लावू नका. तो जिवंत प्राणी आहे, आणि काही जाती हाताला चांगल्याच भाजतात.

सागरगोटी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बसून ठरवले ते असे. यजमान डायव्ह करणार नाहीत. आता घाईने तपासणी करून सही मिळवण्यापेक्षा ते स्नॉर्केलिंग करतील, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरूनच पाहतील. डायव्ह मी एकटी करणार आहे. तुलांबेन, पादांगबाई आणि पेनिदा यांपैकी कुठेच न जाता आम्ही सानूर निवडले आहे. तिथल्या एका सेंटरचा स्वतःचा तलाव आहे आणि दोघांसाठी ठेवलेल्या पैशांत मला तिथे स्वतंत्र प्रशिक्षक मिळतो आहे. आधी तलावात मास्कमधले पाणी काढणे आणि कान मोकळे करणे शिकायचे, ते जमले तरच नावेने बाहेरच्या प्रवाळावर जायचे. जमले नाही तर तलावातच थांबायचे, हे त्यांच्याकडून लिहून घेतले आहे. त्यांच्याकडे तीन नंबरचा मास्क आहे. किंतामणी आम्ही आदल्या दिवशी उबूदहून अर्ध्या दिवसात करून येऊ.

प्रवाळवेडी

सानूर? तिथे पाणी तुलांबेनइतके नितळ नसते आणि प्रवाळही बेताचे आहे. बालीला जाऊन लिबर्टी न पाहणे मला तरी पटत नाही.

भरती_ओहोटी

मलाही पादांगबाईच आवडले असते, पण स्वतंत्र प्रशिक्षक मिळत असेल तर माझी तक्रार नाही. सानूरला ओहोटीच्या वेळी किनाऱ्याजवळचे पाणी फार उथळ होते आणि नावेपर्यंत सामानासह बरेच चालावे लागते, म्हणून त्या दिवशीची भरतीची वेळ विचारून तलावाचे सत्र त्याआधी उरकायला सांगा. आणि बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वीच घ्या, मात्र झोप आणणारी नको. कोणती घ्यावी, हे वरच्या डॉक्टरांना विचारा.