जयश्री गडकर : तुमच्या घरात त्या कुठून आल्या? (अनुभव धागा)

मराठी सिनेमातल्या नटी जयश्री गडकर यांचं नाव काढलं की जुनी माणसं दोन गटांत विभागतात. एक गट ‘सांगत्ये ऐका’, ‘सवाल माझा ऐका’, ‘मल्हारी मार्तंड’ म्हणतो. दुसरा लगेच ‘मानिनी’ आणि ‘साधी माणसं’ काढतो. तमाशाच्या फडावर नाचणारी आणि उंबऱ्याआतली सून यांच्यामध्ये त्या काळच्या गावाने जी भिंत घातली होती, तिच्या दोन्ही बाजूंना एकाच बाईला लोकांनी आपली मानलं. मला हे फार मोठं वाटतं, आणि त्याबद्दल म्हणावं तितकं बोललं गेलेलं नाही.

माहिती थोडक्यात देते. जन्म 1942 चा, कारवारजवळचा. नाचता नाचता सिनेमात आल्या. शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (1955) त्या समूहनृत्यात होत्या. दिनकर द. पाटलांच्या ‘दिसतं तसं नसतं’ने (1956) चेहरा ओळखीचा झाला आणि 1959 साली अनंत मान्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने महाराष्ट्र त्यांचा झाला. तेव्हा वय जेमतेम सतरा. बाकी तुम्ही सांगा. पडद्यावर कुठे पाहिलंत, कोणासोबत पाहिलंत, घरात त्यावर काय बोलणं झालं?

पुण्याहून

आमचं बिऱ्हाड ‘विजयानंद’ थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘सांगत्ये ऐका’ तिथे 131 आठवडे चालला हा आकडा सगळे सांगतात, पण त्याचा अर्थ आमच्या वयाच्या पोरांनी जगून पाहिला. तो लागला तेव्हा मी धाकट्या वर्गात होतो आणि उतरला तेव्हा हायस्कुलात. मधल्या काळात शहरात सगळं बदललं, पानशेतचं धरण फुटलं, पण ‘सांगत्ये ऐका’ हटला नाही. गावाकडचा कोणीही पाहुणा कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाने आला की संध्याकाळी त्याला तिकडे न्यायचं ठरलेलंच. वडील प्रत्येक वेळी म्हणायचे, मी बाहेर थांबतो. आणि प्रत्येक वेळी आत यायचे.

सातारा जिल्हा, तंबू टॉकीजवाला

मी यात्रेच्या सिनेमात मशीनवर होतो. पुसेगावची यात्रा म्हणजे आमचा दिवाळसण. ट्रकमधून मशीन, पडदा, बांबू, कनाती उतरवायच्या, मध्ये दोर बांधून बायकांची बाजू वेगळी करायची, आणि अंधार पडायची वाट बघायची. ‘सांगत्ये ऐका’ तोवर जुना झाला होता, पण यात्रेत जुनं-नवं कोण बघतो? ‘बुगडी माझी सांडली गं’ सुरू झालं की पुढे बसलेले पडद्याकडे पैसे फेकायचे. खरीखुरी नाणी. खेळ संपल्यावर पोरं वाळूत हात घालून शोधत बसायची.

एक गोष्ट फक्त आमच्यासारख्यांना माहीत असते. गाण्याचं रीळ हातात घेतलं की न बघता ओळखू यायचं. बाकीची रिळं सरळ पळायची; याला बोट लावलं की जोड लागायचे. आरडाओरडा झाला की मालक सांगायचा, गाणं परत लाव. मग रीळ मागे फिरवायचं, ते कुठेतरी तुटायचं, खरवडून, चिकटवून पुन्हा चढवायचं. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी जायच्या. बाई गिरकी घ्यायला वळायची आणि एकदम समोर तोंड करून उभी दिसायची. लोकांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. तिने मेहनतीने केलेली गिरकी आमच्या हातून खर्ची पडत होती.

जळगाव

आमच्याकडे त्या ‘मानिनी’तून आल्या. महादेवशास्त्री जोशींच्या कथेवरचा, 1961 चा. श्रीमंताघरची लेक गरिबाच्या घरी नांदते आणि माहेरी तिचा मान राहत नाही. त्यात आमच्या बहिणाबाईंची गाणी. आईला सिनेमाचा तिटकारा, पण बहिणाबाई आहेत म्हटल्यावर ती आली. ओव्या आसोद्याच्या मातीतल्या आणि तोंड हलवणारी कारवारकडची नटी, हे तिला आधी पटलं नव्हतं. ‘अरे संसार संसार’ला मात्र ती रडली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “पोरीले चुलीजवय बसता येतं.” आमच्या आईकडून यापेक्षा मोठी पावती कोणाला मिळालेली मी ऐकली नाही.

नाव नको, फडातल्या घरातली आहे

मी तमाशातल्या घरातली. आई आणि मावशी दोघी फडावर होत्या. इथे सगळे प्रेमाने लिहितायत म्हणून जरा थांबले होते, पण लिहिलं पाहिजे.

जयश्रीबाईंना आमच्याकडे मान होता आणि आहे. आई त्यांचा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी जायची, कारण शहाणीसुरती माणसं आमच्यासारख्या बाईची गोष्ट दोन-अडीच तास बसून ऐकतायत, हेच तिला नवल होतं. पण बाहेर पडली की गप्प असायची. सिनेमातल्या नाचणारीला शेवटी न्याय मिळतो, घर मिळतं, नाहीतर ती मूळची चांगल्या घरची निघते. आम्ही मूळच्या फडाच्याच. आम्हाला कोणी शोधत आलं नाही. पडद्यावर पैसे फेकणारीच माणसं सकाळी आमच्या राहुटीकडे न बघता जायची.

यात जयश्रीबाईंचा दोष मी धरत नाही. कथा लिहिणारे त्या नव्हेत. उलट त्यांच्याबद्दल मावशी एक गोष्ट कायम सांगायची : “ही नाचताना लाजत नाही आणि लाचार पण होत नाही.” आमच्या धंद्यात हे दोन्ही जमणारी बाई कमी. समोर पाटील बसला असो की सरकार, मान ताठ. मावशीने ती मान त्यांच्याकडून घेतली असं ती उघड सांगायची. आम्ही त्यांना काय दिलं आणि त्यांनी आम्हाला काय दिलं, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

धागाकर्ती

वरचा प्रतिसाद सगळ्यांनी सावकाश वाचावा ही विनंती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना मान मिळाला असं मी लिहिलं, तो मान पडद्यापुरताच होता, ही बाजू इथे येणं गरजेचं होतं. ताई, मनापासून आभार.

कोल्हापूर

आम्ही लोहार. आमच्यात ‘साधी माणसं’ (1965) हा सिनेमा नाही, घरचं कार्य आहे. भालजी पेंढारकरांनी लोहाराचं जोडपं पडद्यावर आणलं, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. संगीताला ‘आनंदघन’ नाव, म्हणजे खुद्द लतादीदी. ‘ऐरणीच्या देवा तुला’ आजही खंडेनवमीला आमच्या गल्लीत ऐरणीला हळद-कुंकू लावताना लागतं.

आजी सांगायची, शहरातली नटी लोहारीण करणार म्हटल्यावर सगळे बघायला टपले होते की ही कुठे चुकते. भट्टीसमोर बसलं की डोळे आपोआप बारीक होतात, कपाळावर ठिणगीचा विचार असतो, पदर कुठे खोचायचा याला जीव लागतो. आजीला त्यात खोट सापडली नाही. आमच्या बायका घण मारतात, भाता ओढतात, हे त्याआधी कोणी गाण्याजोगं मानलं होतं का? त्या गाण्यात गरिबीचं रडगाणं नाही, कामाचा अभिमान आहे, आणि तो बाईंच्या चेहऱ्यावर दिसतो.

सातारा

बुगडी घालणाऱ्या बायकांची शेवटची पिढी माझ्या पणजीची. गाणं गाजल्यावर आईने हट्टाने कानाची वरची पाळी टोचून घेतली आणि पुढे काही दिवस तिला त्या कुशीवर झोपता येईना. ती बुगडी आता माझ्या मुलीकडे आहे. घालत नाही, पण विकूही देत नाही.

इंदूर

इकडच्या हिंदी लोकांना त्या ‘सारंगा’ या हिंदी सिनेमातल्या (1961). मुकेशचं गाणं सगळ्यांना पाठ, नायिका कोण ते कोणाला आठवत नाही. आमच्या मराठी वाड्यातल्या बायका मात्र आवर्जून सांगायच्या, ती आपली जयश्री.

कारवार

सदाशिवगडच्या बाजूला आजही जुनी माणसं अभिमानाने सांगतात, ती आमची. घरात कोकणी, शाळेत कन्नड, आणि सिनेमा बघायचा तो मराठी. आमच्या किनाऱ्यावरच्या कित्येकांचं असंच. कोल्हापूर-साताऱ्याची ग्रामीण बोली ती ज्या सहजतेने बोलली, त्यामागे केवढं कान देऊन ऐकणं असेल, हे आम्हा सीमेवरच्यांना चटकन कळतं.

ठाणे

1987. रविवार सकाळ, ‘रामायण’. आमची अख्खी चाळ ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या खोलीत. जयश्रीबाईंची कौसल्या आली की आज्जी हात जोडायची, पण डोळ्यांत वेगळीच चमक. एकदा न राहवून म्हणाली, “काय नाचायची गं ही!” सगळ्यांनी शू शू केलं. दशरथ झालेले बाळ धुरी हे जयश्रीबाईंचे खरे यजमान, हेही आज्जीनेच सांगितलं. रामाच्या वनवासात दोघं पती-पत्नी समोरासमोर रडत होते तो भाग तिला फार लागला होता.

लावणी शिकणारी, मुंबई

आमच्या बाईंनी एक गृहपाठ दिला होता : ‘बुगडी’ आवाज बंद करून बघा. आशाताई नाहीत, वसंत पवारांची चाल नाही, गदिमांचे शब्द नाहीत. मग उरतं काय, ते लिहून आणा.

मी लिहिलं होतं की डोळे उरतात. ती कोणाशी तरी बोलतेय हे आवाजाशिवायही कळतं. सांगण्याची घाई, मग सांगू की नको, मग सांगून टाकलं, असं सगळं चेहऱ्यावर एकामागून एक येतं, आणि पाय त्यासाठी थांबत नाहीत. आम्हाला पाय आले की चेहरा जातो आणि चेहरा आला की ताल सुटतो. सतरा वर्षांच्या मुलीला हे कसं जमलं, याचं उत्तर मला समूहनृत्याच्या दिवसांत दिसतं. मागच्या रांगेत ताल चुकवून चालत नाही. तो अंगात मुरला की मग चेहरा मोकळा राहतो.

2008 च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या तेव्हा मी लहान होते, काहीच ठाऊक नव्हतं. आता ‘अशी मी जयश्री’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचायला घेतलंय. गजानन जागिरदारांच्या ‘वैजयंता’ सिनेमाची स्वच्छ प्रत कोणाकडे असेल तर इथे सांगा, आम्हाला वर्गात लावायची आहे.