रातांब्याचं सरबत: चौथ्या दिवशी बरणीत बुडबुडे

कोलशेत_किचन
जांभळी नाक्यावरून पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, आणली. बिया आणि गर काढल्यावर सालं १ किलो भरली. काचेच्या बरणीत सालं आणि १ किलो साखर यांचे थर दिले, पाण्याचा थेंब घातला नाही. साखर विरघळली, रंगही छान उतरलाय, पण आज चौथ्या दिवशी कडेला बारीक बुडबुडे दिसताहेत. वास अजून ठीक आहे. गॅसवर उकळू का? की सोडियम बेन्झोएट (टिकवण्याची पूड) घालून मोकळी होऊ?

आगळवाले
साखर कमी पडली, ताई. सालीत निव्वळ पाणीच ८०० ग्रॅमच्या आसपास असतं. १ किलो साखरेत पाक ५५ टक्क्यांवर थांबतो आणि तेवढ्या गोडात यीस्ट मजेत वाढतं. २ किलो घातली की तोच ७० च्या पुढे जातो. टिकाऊ पाकाला निदान ६५ हवेत. म्हणून अमृत कोकमाला, म्हणजे याच सरबताच्या पाकाला, सालीच्या दुप्पट साखर, ती चवीसाठी नाही. ‘कमी गोड करते’ म्हणणाऱ्यांनी ते फ्रीजमध्ये ठेवून पटकन संपवावं.

आत्ता उरलेली किलोभर साखर घाला, कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळा. बुडबुडे दोन दिवसांत थांबले तर बरणी वाचली. दारूसारखा वास आला किंवा वर बुरशीचा ठिपका दिसला, तर सगळी फेकायची. वरचा भाग काढून खाली चांगलं असेल, असं समजू नका.

नेरुळची_सुगरण
साखरेचं बरोबर, पण सुरू झालेलं यीस्ट नुसत्या साखरेने लगेच मरत नाही. मी तरी पाक गाळून स्टीलच्या पातेल्यात ८०–८५ अंशांपर्यंत तापवेन, त्यातच साखर विरघळवेन आणि लगेच उतरवेन. खळखळून उकळू नका. कोकमाचा लाल रंग उष्णतेने तपकिरी होत जातो. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ नकोच, आंबटाने धातू उतरतो.

पुढच्या वेळी रातांबे धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण सुकवून मगच कापा. आपल्या हवेत फळावरचा ओलावाही हिशेबात धरावा लागतो. पाऊस पडून गेल्यावरची फळं पाणचट, ती सरबताला घेऊच नयेत. साखर तळाशी बसते आणि वरची सालं उघडी पडतात, म्हणून रोज ढवळायचं. ८–१० दिवसांत सालं आकसली की गाळा. चोथा मिक्सरमधून काढू नका, पाक गढूळ होतो.

कोलशेत_किचन
दुसरा किलो घालून तापवते. बेन्झोएटचं?

आगळवाले
घरच्या बाटल्यांना गरज नाही. फ्रीजबाहेर पावसाळाभर ठेवायच्या असतील तरच. १ किलो पाकाला अर्धा ग्रॅम, ०.६ च्या वर नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर विषय सोडा, चमच्याच्या अंदाजाने हे करायचं नाही. आधी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवा, मग ढवळत धार सोडा. पूड थेट टाकली तर आंबटामुळे बेन्झोइक ॲसिडचे खडे तळाशी बसतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही टिकवण्याची दुसरी पूड इथे नकोच, ती कोकमाचा रंग उडवते.

सीवूड्सचा_शेजारी
एक राहिलं. गरम पाक भरून झाकण लावलं की गार होताना वर पाण्याचे थेंब जमतात. तिथेच पाक पातळ होतो आणि बुरशी धरते. बाटल्या १५ मिनिटं उकळून, कोरड्या करून, कोमट असतानाच गळ्यापर्यंत भरा. बूच लावल्यावर पाच मिनिटं आडव्या ठेवा. जिरेपूड बाटलीत घालू नका, ग्लासात घाला. मीठ लिटरला १० ग्रॅम पुरे. प्यायला एका भागाला पाच भाग पाणी.

गाळलेली सालं वाळवून मुलं खातात. बियाही फेकू नका, धुऊन वाळवल्या तर गावाकडे मुठेल (बियांचं घट्ट तेल) काढायला घेतात.