ग्रामीण मार्गावरून कारखान्याचा ऊस : रस्त्याचा दर्जा वाढतो कसा?

उसाचा_फड :
गावातून कारखान्याकडे साडेचार किलोमीटरचा रस्ता. पाटीवर ‘ग्रा.मा.’, म्हणजे ग्रामीण मार्ग. हंगामात रात्रंदिवस डबल ट्रॉल्या. मागच्या वर्षी डांबर पडलं, जानेवारीत साईडपट्टी खचली, एक ट्रॉली चारीत कलंडली. पलीकडचा तळ्याकाठचा रस्ता मात्र प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. त्यावर तुरळक मोटारसायकली, तरी खड्डे वेळेवर भरतात. हे ठरवतं कोण?

जुना_ओव्हरसियर :
दादा, निम्मी नोकरी या ‘ग्रा.मा.’वरच गेली माझी. ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेतली : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा, ग्रामीण. प्रजिमापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकामकडे, खालचे दोन जिल्हा परिषदेकडे. म्हणजे पाटी बदलली की मालक बदलतो, पैशाचं खातंही.
दर्जा ठरतो रस्ता काय जोडतो त्यावरून. गाव गावाला जोडलं की ग्रामीण. पिकाचा भाग बाजाराला किंवा महामार्गाला जोडला की वरचा. तुमच्या रस्त्याला नंबर पडला तेव्हा कारखाना होता का?

उसाचा_फड :
नाही. कारखाना नंतरचा. माझ्या लहानपणी तिथं माळ होता.

जुना_ओव्हरसियर :
मग दर्जा वाढवून मागायच्या ग्रामसभेच्या ठरावात तेच लिहा. ‘रस्ता खराब आहे’ असं लिहू नका, तसे अर्ज गठ्ठ्यानं येतात. आणि वाहनगणना मागा. ती सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून दोनदा व्हायला हवी, त्यातली एक सुगीच्या दिवसांत. आमच्याकडे एकदा जूनमध्येच उरकली. पिंपळाखाली बसलेला पोरगा चार उभ्या रेघा, पाचवी आडवी मारत होता. कागदभर दुचाक्या, उसाची एक गाडी नाही! त्यावरून रस्ता ‘हलक्या वाहतुकीचा’ ठरला. खरं तर आसावरचा (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज जवळपास सोळापट होते. शंभर मोटारसायकलींनी जे होत नाही ते एक भरलेली ट्रॉली करते.

बांधकरी :
दर्जा मागताय, पण जमिनीचं बघा. मोकळ्या रानात ग्रामीण मार्गाला १२ मीटर रुंदी धरतात, प्रजिमाला २५. आमच्याकडे ठराव झाला तेव्हा सगळे हात वर. मोजणीला माणसं आली आणि निम्म्यांनी हात खाली घेतले.

उसाचा_फड :
अरे बापरे. आमची विहीरच रस्त्याला लागून आहे.

जुना_ओव्हरसियर :
मग मधली पायरी मागा, इतर जिल्हा मार्ग. त्याला १५ मीटर. रस्ता जिल्हा परिषदेकडेच राहील, निधीची रडकथा थोडी चालूच राहील, पण निदान जाड थराची मागणी कागदावर धरता येईल. आधी विहिरीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत टेप लावा.

उसाचा_फड :
लावतो उद्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतो. तोवर दूध संस्थेच्या खिडकीतून ट्रॉल्या मोजायला दोन पोरं बसवली आहेत. पहिल्या रात्री पहाटे तीनपर्यंत ६३ झाल्या, मग पोरं झोपली.