प्रतिसाद: बटण एकाच माणसाच्या हाती?

भारताच्या अण्वस्त्रांबद्दल वर कुणी म्हटलंय, 'पंतप्रधानांनी बटण दाबलं की झालं.' इतकं सरळ नाही. ४ जानेवारी २००३ ला आपली अण्वस्त्र-नियंत्रणाची रचना जाहीर झाली: अस्त्र वापरायचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेचा, अस्त्रांचं व्यवस्थापन स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड या लष्करी विभागाकडे.

पण मला खरी काळजी अस्त्रं ठेवतात त्या कोठाराची वाटते. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेत मायनॉट हवाई तळावर सहा क्षेपणास्त्रं चुकून खऱ्या अण्वस्त्रांसकट बी-५२ या बॉम्बफेकी विमानाला लावली गेली आणि बार्क्सडेल या दुसऱ्या तळावर पोचली. सुमारे ३६ तास कुणाला पत्ताच नाही! क्षेपणास्त्राच्या टोकाला खरं अस्त्र आहे की नकली, हे उचलताना कुणी पाहिलंच नव्हतं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची, हा त्यांचा आग्रह मला तेव्हा अतिरेक वाटायचा. आता नाही वाटत.