रिमोट ब्लीडर: सोय की चोचले?

तिसरा_पेडल: "क्लचला रिमोट ब्लीडर म्हणजे आळशांचे चोचले. निपलपर्यंत हात पोचत नसेल तर पाना खाली ठेवा." कालचं हे वाक्य वाचून डोकं फिरलं. अहो, स्लेव्ह (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधल्या खोळीच्या आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती. त्यातली हवा काढायच्या निपलला जायला दोन बोटांची खिडकी, शेजारी एक्झॉस्ट. पाना बसला तर फिरत नाही, फिरला तर निपलच्या कडा गोल. यात आळस कुठला? स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन होज तिथे जोडायची, वर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) आणायची, टोकाला निपल. झालं रिमोट ब्लीडर.

गिअरगुरू: वाक्य माझंच, आणि मागे घेणार नाही. ती होज फक्त एअर काढताना नाही, प्रत्येक वेळी क्लच दाबला की दाबाखाली येते. मित्राच्या गाडीत आतला जोड झिरपला, क्लच प्लेट भिजली, गिअरबॉक्स खाली. वाचलेला वेळ व्याजासकट गेला.

तिसरा_पेडल: फ्लेअर जोडाला नळाची टेप गुंडाळली असणार. तो धातूवर धातू बसून बंद होतो, टेप लावली की गळणारच.

गिअरगुरू: असणार! तुम्ही होतात का गाडीखाली?

ऑइलचे_हात: भांडा खुशाल, पण ऑइल कोण बदलतं? डॉट ४, म्हणजे क्लच-ब्रेकमधलं नेहमीचं ऑइल, हवेतलं पाणी ओढतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शिरल्यावर १५५ पर्यंत उतरतो. ऑइल काळं होईस्तोवर डबीचं झाकण उघडायचं नाही आणि शिव्या होजला.

जुनी_गाडी: म्हणूनच मी डॉट ५ घालतो. सिलिकॉन. पाणी ओढत नाही, रंग खात नाही.

ऑइलचे_हात: घाला! आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही, खाली जाऊन स्लेव्हमध्ये साचतं, तिथेच गंज. बारीक बुडबुडेही निघता निघत नाहीत. आणि ५.१ वेगळं बरं का, ते ४ मध्ये चालतं. ५ अजिबात नाही.

जुनी_गाडी: माझं पेडल घट्ट आहे. पुस्तकं तुम्ही वाचा.

ऑइलचे_हात: एकदा निपल उघडून बघा, मग बोलू.

गिअरगुरू: ऑइलचा वेगळा धागा काढा हो! होजला मध्येच उंचवटा राहिला तर हवा तिथेच बसते, त्याचं काय?

तिसरा_पेडल: चढतीच न्यायची, क्लिपा मारायच्या, एक्झॉस्टपासून लांब. हातभर होजमध्ये ऑइल मावतं चार-पाच मिली. डबी रिकामी होऊ न देता तेवढं जास्त काढा.

गिअरगुरू: बरं. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरलेलाच असेल तर लावा. मुद्दाम त्यासाठी उतरवणाऱ्याला आळशी नाही म्हणणार. हौशी म्हणेन.

जुनी_गाडी: डॉट ५ ला नावं ठेवणारे गप्प का आता?