मदत हवी आहे: दुसरं बाळंतपण जवळ आलंय, पहिल्या वेळी नैराश्य आलं होतं

मी भांडुपला राहते, वय ३३. सहावा महिना चालू आहे, मोठी मुलगी चार वर्षांची. तिच्या वेळी बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं होतं आणि ते ओळखायला घरच्यांना, डॉक्टरांना आणि मलाही सात महिने लागले. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून आत्तापासूनच विचारतेय.

तेव्हा सव्वा महिना माहेरी होते. शेक, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर झालं. कुणी काहीच कमी केलं नाही, आणि म्हणूनच तोंड उघडून सांगायची सोय नव्हती. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागायचा नाही. पंखा बंद करून तिचा श्वास ऐकत बसायचे. सासरी परतल्यावर दुपारी बेल वाजली तर दार न उघडता तशीच बसून राहायचे. माझ्यावाचून ही पोर सुखात वाढेल, असंही मनात येऊन गेलं. ते कुणालाच सांगितलं नाही.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, असं तीनदा लसीसाठी दवाखान्यात गेले. तिन्ही वेळा बाळाचं वजन कार्डावर लिहिलं. मला एकदाच विचारलं, "दूध पुरतंय ना?" मी हो म्हणाले. हे मला आजही लागतं. त्या दिवशी "तुला झोप लागते का गं?" एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी मी तिथेच रडून सगळं सांगितलं असतं.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, दोन्ही ठीक निघाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी आणि समुपदेशन सुरू झालं. महिन्याभराने एका सकाळी चहाला चव लागली, तो दिवस अजून आठवतो. पुढे गोळी बंद झाली, पण गेल्या वर्षी पुन्हा त्रास झाला म्हणून परत चालू केली आणि ती चालू असतानाच दिवस गेले.

आता अडचण अशी. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात गोळी बंद करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात मनाने बंद करू नका. दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत, निरोप्या मीच. हे दोन्ही विभाग एका छताखाली असतील असं पूर्व उपनगरांच्या जवळपास कुठे आहे? गोळी घेत कुणी अंगावर पाजलंय का? आणि सासूबाईंना कसं सांगू की रात्रीची सलग चार-पाच तास झोप हे माझ्यासाठी औषधच आहे? त्या प्रेमळ आहेत, पण "आम्ही नाही का जागलो" हे ठरलेलं.

प्रतिसाद

ताई, मी पालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते. तुमचं वजनाच्या कार्डाचं वाचून वाईट वाटलं, कारण आम्हीही तेवढंच विचारायचो. रांग मोठी असते हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही. २०१७ साली भारतातले ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या आया सुमारे २२ टक्के निघाल्या. म्हणजे लसीच्या रांगेत दर पाचांत एक.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत प्रसूती आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. तुम्हाला सायन जवळ पडेल. नाव तिथे घाला किंवा घालू नका, पण मानसोपचारतज्ज्ञांकडून निदान, गोळीचं नाव, डोस आणि ती का चालू ठेवायची हे लेखी घ्या. ते पत्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाईलला लावा आणि दोघांना एकदा फोनवर बोलायला लावा. हे मागणं अजिबात आगाऊपणाचं नाही. गोळीचं मी ठरवू शकत नाही. एवढं सांगते की सर्ट्रालिन दुधातून बाळाकडे फार कमी जातं, त्यामुळे पाजणाऱ्या आयांना बरेच डॉक्टर तेच देतात. फिट्स आणि मनाच्या काही आजारांवर देतात ती व्हॅल्प्रोएटसारखी औषधं मात्र गरोदरपणात टाळतात. मनाच्या सगळ्या गोळ्या एका मापाने मोजू नयेत.

बाळंतपणाच्या नैराश्याची चाचपणी करणारी 'एडिंबरो' प्रश्नावली मागून घ्या. १९८७ सालची आहे, दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण ३०. गरोदरपणातही भरता येते. तिच्यावरून निदान होत नाही, पण बोलायला सुरुवात होते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. त्यापुढे टिकलं तर थांबू नका.

प्रतिसाद

माझ्या पत्नीचा अनुभव वेगळा आहे, पण तुमच्या यजमानांना वाचायला द्या. पाचव्या दिवसापासून ती झोपेचना, मग म्हणायला लागली की बाळ बदललंय. आम्ही दृष्ट काढली, अंगारा लावला, त्यात दोन दिवस गेले. ते नैराश्य नव्हतं, प्रसूतीनंतरचा सायकोसिस होता, म्हणजे खरं-खोटं याचं भानच सुटतं. हजारात एक-दोघींना होतो आणि तेव्हा थेट रुग्णालयच गाठायचं असतं. दाखल करताना बाळाला तोडतील अशी भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून वेगळं करायचं नाही. आज ती बरी आहे, नोकरीवर जाते.

रात्री-अपरात्री १४४१६ ला फोन करा. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पत्रासाठी मानसोपचारतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतली आहे, तोवर गोळी चालूच ठेवतेय. यजमानांनी दुसरा प्रतिसाद दोनदा वाचला आणि रात्री दहा ते दोन बाळ मी बघेन म्हणाले. काढून ठेवलेलं दूध तेव्हा पाजता येईल. सासूबाईंना मात्र अजून मीच सांगायचंय. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत नेऊन डॉक्टरांकडून झोपेचं वदवून घ्यावं, असं मनात आहे. असं कुणी केलंय का?