मदत हवी आहे: कचेरीतले जुने कॉम्प्युटर कंडेम (निकामी ठरवून निकाली) होतायत, आतल्या डेटाचं काय करायचं?

कारकूनबाई

नमस्कार मंडळी,

उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी कचेरीत मी यूडीसी (वरिष्ठ कारकून) आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यानंतर नवी मशिनं आली आणि जुनी सगळी जिन्याखाली रचून ठेवली. सीपीयू, प्रिंटर, एक दांडगं झेरॉक्स मशीन, जुना फॅक्स, बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन. चवथीच्या आधी जागा मोकळी करा, असं वरून सांगणं आहे. कंडेमेशन कमिटीची बैठकही लागलीय.

स्टेटमेंटमध्ये वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, मूळ किंमत, सद्यस्थिती असे रकाने आहेत. आतल्या माहितीसाठी एकही नाही. आमचे हेडक्लार्क म्हणतात, फॉर्मॅट मार आणि दे सोडून. एक सीपीयू जोडून बघितला तर पासवर्डसुद्धा नव्हता. डेस्कटॉपवर 'स्कॅन नवीन', 'स्कॅन नवीन २', 'स्कॅन फायनल'. आत पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचे अर्ज, आधार कार्डं, गृह आधारच्या (गृहिणींना दरमहा मदत देणारी गोव्याची योजना) अर्जांना जोडलेली पासबुकाची पहिली पानं. त्यातल्या दोघीतिघी तर बाजारात रोज भेटणाऱ्या.

फॉर्मॅट पुरतो का? डिस्क काढून घेतली तर 'वस्तू अपूर्ण' म्हणून ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप) येईल का? जी मशिनं चालूच होत नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे आयटीचं माणूस नाही, एएमसीवाला (देखभालीच्या वार्षिक कंत्राटातला) मुलगा येतो तेव्हा येतो.

खटपट्या

फॉर्मॅट पुरत नाही. क्विक फॉर्मॅटनं फक्त कुठली फाईल कुठे आहे ती यादी जाते, फाईल जागच्या जागी राहते. फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं कॉलेजचा पोरगाही ती बाहेर काढेल.

आधी डिस्क कसली आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जुन्या सीपीयूत बहुतेक फिरती हार्ड डिस्क असणार. पेनड्राइव्हवर श्रेडओएस (डिस्क पुसायचं फुकट सॉफ्टवेअर) घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून पडताळणी करा. सात वेळा, पस्तीस वेळा पुसायची गरज नाही, ते जुन्या जमान्यातल्या डिस्कांसाठी होतं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका जगभर वापरतात, तीसुद्धा आताच्या हार्ड डिस्कला एक फेरी साधारणपणे पुरे मानते. ५०० जीबीला दीड-दोन तास, पडताळणीला जवळजवळ तेवढेच. संध्याकाळी लावून जा. मात्र वीज गेली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून यूपीएसवर लावा.

एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर हा उपाय चालत नाही. एसएसडी आपल्या मर्जीनं डेटा इकडून तिकडे हलवते आणि काही जागा राखीव ठेवते, तिथपर्यंत बाहेरून लिहिलेलं पोचत नाही. तिला 'सिक्युअर इरेज'चा हुकूम द्यावा लागतो. काही मशिनांत तो बायोसमध्येच (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) असतो. लिनक्समधून देताना डिस्क 'फ्रोझन' दाखवली तर मशीन एकदा स्लीप करून जागं करा, बहुतेक वेळा सुटतं.

चालूच न होणाऱ्या मशिनाला पुसायच्या फंदात पडू नका. बंद पडतो तो बहुतेकदा मदरबोर्ड नाहीतर पॉवर सप्लाय, डिस्क ठणठणीत असते. ती काढा आणि फोडा. फिरत्या डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलनं आरपार भोकं. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये काचेच्या तबकड्या असू शकतात, त्यामुळे डोळ्यांवर गॉगल पाहिजेच. एसएसडीत मात्र प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, कोपऱ्यात एक भोक पाडून उपयोग नाही. चुंबकाचा तर तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

पेन्शनर लेखापाल

ऑडिटची भीती मी घालवतो. जीएफआर २०१७ (सरकारी खर्च-खरेदीचे सामान्य वित्तीय नियम) चा नियम २१७ आणि २१८ काढून वाचा. उरलेली किंमत २ लाखांच्या वर असेल तर टेंडर किंवा जाहीर लिलाव, त्याखाली सक्षम अधिकारी पद्धत ठरवतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच २१८ मध्ये असंही आहे, की ज्या वस्तूंत किंवा कागदपत्रांत सुरक्षेचा प्रश्न आहे त्या गुप्ततेच्या नियमांना धरून योग्य रीतीनं नष्ट कराव्यात. उदाहरणं चलन, स्टॅम्प, पावतीपुस्तकं यांची दिलीत. लोकांच्या आधारच्या प्रती भरलेली डिस्क त्यात बसत नाही म्हणणारा ऑडिटर मला भेटवा.

तेव्हा रकाना नाही म्हणून अडू नका, टिप्पणी लिहा. बैठकीच्या *आधी* फाईल वर जाऊ दे: अमुक सीपीयू, डेड स्टॉक रजिस्टरचा (कचेरीतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) अमुक क्रमांक, डिस्कचा सीरियल नंबर अमुक, ती पुसली किंवा काढून नष्ट करायचं प्रस्तावित आहे. कचेरीप्रमुखांची मंजुरी घ्या. मग दोघांच्या समक्ष पंचनामा, सीरियल नंबर दिसेल असा फोटो, आणि रजिस्टरच्या शेऱ्यात त्याचा उल्लेख. 'डिस्कविरहित' हा शब्द लिलावाच्या यादीतही येऊ दे. पॅरा निघतो तो कागद नसल्यामुळे, डिस्क नसल्यामुळे नव्हे.

आणखी एक. पुसण्याआधी जपून ठेवायचा रेकॉर्ड त्यात आहे का ते बघा. चालू अर्ज, अपिलातली प्रकरणं, आरटीआयला उत्तर देताना लागेल असं काही. त्याची प्रत रीतसर घेतल्याशिवाय एकही मशीन पुसू नका, नाहीतर पुढे तुम्हालाच विचारतील.

म्हापसेकर

सगळे सीपीयूच्या मागे लागलेत, त्या दांडग्या झेरॉक्सकडे कोण बघणार? मोठ्या डिजिटल कॉपियरमध्ये हार्ड डिस्क असते आणि कॉपी, स्कॅन केलेलं त्यावर राहू शकतं. २०१० साली सीबीएस न्यूजनं अमेरिकेत वापरलेले चार कॉपियर विकत घेऊन तपासले, तर पोलिसांचे कागद आणि रुग्णांची माहिती निघाली. त्यातला एक अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा कंपनीनं भाड्यानं वापरून परत केलेला. त्यांना २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

तुमच्या मशिनाच्या ॲडमिन मेन्यूत डेटा ओव्हरराइट किंवा इनिशियलाइझ असं काही आहे का बघा. पासवर्ड कोणालाच माहीत नसणार (कधीच नसतो), तेव्हा सर्व्हिसवाल्याला बोलावून डिस्क काढून घ्या. स्कॅन-टू-ईमेलसाठी घातलेला कचेरीच्या मेलचा पासवर्डही आत असतो, तो बदला.

फॅक्स रिबनवाला असेल तर झाकण उघडून रिबन उजेडात धरा. आलेलं प्रत्येक पान उलट्या अक्षरांत वाचता येतं. हजेरी मशिनात तर तुमच्या सगळ्यांच्या बोटांचे टेम्प्लेट (ठशांच्या साठवलेल्या खुणा). तेही मेन्यूतून काढून मग रिसेट.

खटपट्या

+१. आणि सीपीयूच्या मागच्या यूएसबीत डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन विसरलेला असतो, तो आधी बघा.

कारकूनबाई

देव बरें करूं सगळ्यांचं. टोकन खरंच निघाला! बदली होऊन गेलेल्या साहेबांचा, सीपीयूच्या पाठीमागे धुळीत. कपाटात कुलूपबंद केलाय. टिप्पणी वर पाठवली, २१८ चा आधार देऊन. हेडक्लार्कनीही सही केली, थोडं पुटपुटत.

आता नवा प्रश्न. ज्याला दर वेळी भंगार देतात तो म्हणतो, आहे तसं द्या, डिस्क आम्ही फोडतो, हवं तर सर्टिफिकेट देतो. कमिटीला ते सोपं वाटतंय.

पेन्शनर लेखापाल

बाय, त्याच्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी आहे का, एवढं विचारा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा नियम २०२२ लागू आहेत. नोंदणीकृत उत्पादक, रिसायकलर किंवा रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) सोडून हा माल इतर कुणाला देऊ नये. नोंदणी मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते, छापील कागदावर विसंबू नका. यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्या याच लॉटमध्ये कोंबू नका.

खटपट्या

नोंदणी असली तरी डिस्क आत ठेवून देऊ नका. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकेतल्या बड्या वित्तसंस्थेनं जुने सर्व्हर आणि डिस्क निकाली काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. काही उपकरणं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. २०२२ मध्ये सेबीसारख्या तिथल्या एसईसीनं ३.५ कोटी डॉलर दंड केला. रिसायकलरचं सर्टिफिकेट कचऱ्यासाठी असतं. डेटाचा पंचनामा तुमचाच, तुमच्या जिन्याखाली, मशीन टेम्पोत चढायच्या आधी. ड्रिल नसेल तर कळवा, माझं आहे.

कारकूनबाई

ड्रिल पीडब्ल्यूडीवाल्यांकडून मिळतंय. गॉगल तेवढा घेऊन या.